एकाचे पणजोबा पेन्शनच्या फायलीत, दुसऱ्याची पणजी मालमत्तेच्या यादीत

अमेरिकेत पूर्वज शोधणं हा लाखो लोकांचा छंद आहे. जुन्या जनगणनेची पानं आता घरबसल्या बघता येतात, आणि लोक रात्र-रात्र ती चाळत बसतात. या छंदातला एक ठरलेला प्रश्न असतो : आमचे पणजोबा कॉन्फेडरेट सैन्यात होते का? कॉन्फेडरेट म्हणजे गुलामगिरी वाचवण्यासाठी १८६०-६१ मध्ये अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेतली ११ राज्यं. १८६५ मध्ये ती युद्ध हरली. पण त्या हरलेल्या सैन्यातला साधा शिपाईसुद्धा आज त्याच्या वंशजाला नावागावासह सापडतो. त्याच गावात, त्याच शेतात राबणारी गुलाम बाई मात्र तिच्या वंशजाला सापडत नाही.

हा योगायोग नाही. आणि 'हा आमच्या घरचा विषय आहे, त्यात राजकारण आणू नका' असं जेव्हा शिपायाचे वंशज म्हणतात, तेव्हा ते एक मोठी गोष्ट लपवत असतात. ज्या कागदांच्या जोरावर हा छंद चालतो, त्या कागदांची वाटणीच गुलामगिरीने केलेली आहे. ज्याच्या वाट्याला कागद आला, त्याच्यावर ज्याच्या वाट्याला तो आला नाही त्याचं देणं आहे. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे.

आधी हा शोध कसा चालतो ते बघू. टेनेसी राज्याचं उदाहरण घेऊ. समजा, तिथल्या एका गोऱ्या कुटुंबातल्या मुलीला एवढंच माहीत आहे की घरातलं कुणीतरी 'त्या युद्धात' होतं. ती जनगणनेपासून सुरुवात करते. अमेरिकेत जनगणनेतली व्यक्तिगत माहिती ७२ वर्षं बंद ठेवतात, म्हणून १९५० ची पानं २०२२ मध्ये खुली झाली. तिथून ती एकेक दशक मागे जाते. १९१० च्या पानावर तिला ३० वा रकाना दिसतो. त्यात वृद्ध पुरुषांसमोर दोन अक्षरं लिहिलेली असतात : 'यूए' म्हणजे युनियन आर्मी, 'सीए' म्हणजे कॉन्फेडरेट आर्मी. तिच्या खापरपणजोबांच्या नावापुढे 'सीए' आहे. धागा मिळाला.

पुढची पायरी पेन्शनची. केंद्र सरकार तेव्हा कॉन्फेडरेट शिपायांना पेन्शन देत नव्हतं, ती राज्यं आपल्या तिजोरीतून देत. अर्ज करायचा तो जिथे लढलो त्या राज्यात नाही, तर जिथे राहतो त्या राज्यात. त्यामुळे टेनेसीच्या पलटणीत लढून पुढे टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या माणसाची फाइल टेक्ससमध्ये सापडते. टेनेसीने १८९१ मध्ये शिपायांना आणि १९०५ मध्ये विधवांना पेन्शन सुरू केली. या फायली नॅशव्हिलच्या राज्य अभिलेखागारात आहेत. अशा एका अर्जात काय नसतं? जन्म कुठे झाला, कोणत्या पलटणीत, कोणत्या तुकडीत भरती, जखम कुठे लागली, युद्ध संपलं तेव्हा कुठे होता, आज जमीन किती, कमाई किती, घरात खाणारी तोंडं किती. सोबत लढलेल्यांच्या साक्षी. विधवा असेल तर लग्न कधी, कुठे झालं. एका गरीब, अल्पशिक्षित शेतकऱ्याचं अख्खं आयुष्य सरकारने विचारून विचारून लिहून ठेवलं आहे.

टेनेसीने एवढ्यावर थांबवलं नाही. १९१४-१५ मध्ये आणि पुन्हा १९२०-२२ मध्ये राज्याने हयात असलेल्या वृद्ध सैनिकांना लांबलचक प्रश्नावली पाठवली. सुमारे १,६५० जणांनी उत्तरं दिली. त्यांचं बालपण, शाळा, घरातली कामं, लढायांच्या आठवणी असं सगळं त्यात आलं. म्हणजे हरलेल्या बाजूच्या म्हाताऱ्यांना राज्याने 'तुमची गोष्ट सांगा' असं स्वतःहून विचारलं.

आता त्याच जिल्ह्यातली दुसरी मुलगी घ्या. काळी. तीही १९५० पासून मागे निघते. १९४०, १९३०, १९१०, १९००, १८८०. (१८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीत गेली, ती दोघींचीही गेली.) ती १८७० पर्यंत पोचते आणि भिंतीवर डोकं आपटतं. अमेरिकेतल्या सगळ्या काळ्या माणसांची नावं लिहिणारी पहिली जनगणना १८७० ची. त्याआधी, १८५० आणि १८६० मध्ये, गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्या तक्त्यात नाव असतं ते मालकाचं. त्याखाली एकेक ओळ : वय ३२, स्त्री, काळी. वय ९, पुरुष, मिश्र. वय १, स्त्री, काळी. पुढे रकाने : पळून गेलेले किती, मुक्त केलेले किती, आंधळा-बहिरा-वेडा कुणी आहे का, आणि १८६० मध्ये गुलामांची घरं किती. १८६० च्या जनगणनेत अशी ३९,५३,७६० माणसं होती. त्यातली २,७५,७१९ टेनेसीत. जवळपास सगळी बिननावाची.

लिहायचं राहून गेलं म्हणून ही नावं नाहीत असं नाही. १८५० च्या जनगणनेचं विधेयक आलं तेव्हा त्यात गुलामांची नावं लिहिण्याची तरतूद होती. दक्षिणेतल्या सिनेटरांनी विरोध केला आणि ती काढून टाकली गेली. नाव लिहिलं की माणूस होतो, आई होते, मुलगा होतो, नातं तयार होतं. मालमत्तेला नातं नसतं. रकाना गाळण्याचा हा निर्णय संसदेत, चर्चा करून, मतं मोजून झाला.

म्हणून दुसऱ्या मुलीला आपली पणजी शोधायची तर आधी पणजीचा मालक शोधावा लागतो. मग त्याचं मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची यादी, त्याची खरेदीखतं. त्या यादीत घोडे, नांगर, पलंग यांच्यासोबत एखाद्या बाईचं नुसतं नाव आणि तिच्यापुढे किंमत. मुक्तीनंतर काळ्या माणसांनी स्वतःही मागमूस सोडले. फ्रीडमन्स बँकेत खातं उघडताना त्यांनी आईबापांची, विकल्या गेलेल्या भावंडांची नावं सांगितली. संघराज्याच्या सैन्यात सुमारे १,७९,००० काळे सैनिक लढले, त्यात टेनेसीचे २० हजारांहून जास्त. त्यांच्या विधवांना पेन्शन मागताना आपलं लग्न सिद्ध करावं लागलं. गुलामांच्या लग्नाला कायदा मानतच नव्हता, त्यामुळे शेजारणी, सुईणी आणि कधी कधी जुना मालक यांच्या साक्षी गोळा कराव्या लागल्या. गोऱ्या विधवेने लग्नाची तारीख सांगायची, काळ्या विधवेने लग्न होतं हेच पटवायचं. एकच कागद, एकीसाठी तो औपचारिकता होता, दुसरीसाठी उलटतपासणी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिकपणेही येतो : 'आमचे पणजोबा गरीब होते. त्यांच्याकडे एकही गुलाम नव्हता.' आपल्याकडे 'आमच्या आजोबांनी कधी जात पाळली नाही' असं म्हणतात, त्याचाच हा सख्खा भाऊ.

आधी तपासून बघा. १८६० मध्ये मिसिसिपीत गुलाम असलेल्या कुटुंबांचं प्रमाण ४९ टक्के होतं, साउथ कॅरोलायनात ४६ टक्के, टेनेसीत सुमारे २५ टक्के. वीस वर्षांच्या शिपायाच्या नावावर अर्थातच काही नसतं. त्याच्या बापाचं नाव गुलामांच्या तक्त्यात शोधा, आजोबाचं शोधा, सासऱ्याचं शोधा. शिवाय गुलाम भाड्यानेही मिळत, आणि भाडेकरूचं नाव मालकांत येईलच असं नाही. टेनेसीच्या त्या प्रश्नावलीत राज्यानेच म्हाताऱ्यांना विचारलं होतं : तुमच्या घरी गुलाम होते का, किती होते, मालक लोक गुलाम नसलेल्या गोऱ्यांशी बरोबरीने वागत का? उत्तरं तिथेच आहेत. लढाईच्या आठवणी वाचून पान मिटायचं की त्या प्रश्नाचं उत्तरही वाचायचं, हे वंशजाने ठरवायचं आहे.

आणि समजा खरंच एकही गुलाम नव्हता. मग तो कशासाठी लढला? कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये सवाना इथल्या भाषणात उघड सांगितलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक जागा, या विचारावर आमचं सरकार उभं आहे. गरिबाला फसवलं गेलं हेही खरं. ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने २० किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला सक्तीच्या भरतीतून सूट मिळाली. श्रीमंत घरी, गरीब आघाडीवर. गरीब गोऱ्यांनी कुरकुर केली, पुष्कळजण पळालेही. पण बहुसंख्य लढत राहिले, कारण काहीही झालं तरी आपल्या खाली कुणीतरी आहे, याची हमी त्यांना हवी होती. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात याला गोऱ्या मजुराला मिळणारी मानसिक मजुरी म्हटलं. बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना १९४६ मध्ये पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. बाबासाहेबांचा श्रेणीबद्ध विषमतेचा विचार वाचलेल्यांना ही मजुरी वेगळी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की कॉन्फेडरेट शिपायाच्या बाबतीत ती नुसती मानसिक राहिली नाही. १८९१ नंतर ती डॉलरमध्ये मिळू लागली.

दुसरा आक्षेप : 'पेन्शन ही म्हातारपणाची मदत होती, त्यात एवढं काय?' बरोबर, म्हाताऱ्या गरिबाला मदत मिळालीच पाहिजे. मग त्याच नॅशव्हिल शहरातली दुसरी गोष्ट ऐका.

कॅली हाउस नावाची बाई १८६१ च्या सुमारास टेनेसीत गुलामगिरीत जन्मली. विधवा, पदरात मुलं, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. तिने आयझाया डिकरसन यांच्यासोबत एक संघटना उभी केली. १८९८ मध्ये नॅशव्हिलमध्ये तिची नोंदणी झाली. मागणी साधी होती : आयुष्यभर फुकट राबवलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांना सरकारने पेन्शन द्यावी. काळे लोक चार-चार पैसे वर्गणी देऊन सभासद झाले, आजाऱ्याला औषध आणि मेलेल्याला माती देण्याचं कामही संघटनेने केलं. सरकारने काय केलं? पेन्शन खातं आणि पोस्ट खातं तिच्या मागे लागलं. संघटनेची पत्रं अडवली गेली. १९१५ मध्ये संघटनेच्या लोकांनी कोर्टात दावा लावला की युद्धकाळात आणि नंतर कापसावर गोळा केलेला सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर कर आमच्या घामाचा आहे. कोर्टाने दावा फेटाळला. १९१७ मध्ये कॅली हाउसला पोस्टातून फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवून एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. आरोपाचा गाभा असा की जी पेन्शन सरकार कधी देणारच नाही, तिची आशा दाखवून तिने लोकांकडून पैसे घेतले.

एकाच शहरात, त्याच वर्षांत, गुलामगिरीसाठी लढलेल्याला पेन्शन मिळत होती आणि गुलामीत राबलेल्यांसाठी पेन्शन मागणारी तुरुंगात जात होती. १९५८ मध्ये तर अमेरिकेच्या संसदेने कॉन्फेडरेट विधवांना केंद्राच्या पेन्शनचं दारही उघडलं. राबलेल्यांना कुणीच काही दिलं नाही. भरपाई मिळाली ती मालकांना : १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी संपली तेव्हा सरकारने मालकांना एका गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम दिली. युद्धानंतर किनारपट्टीवर मुक्त माणसांना वाटलेली जमीन अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केली. जॉन्सनही टेनेसीचेच.

तिसरा आक्षेप जास्त चलाख आहे : 'काळेही कॉन्फेडरेट होते, त्यांनाही पेन्शन मिळाली, कागद आहेत.' कागद आहेत, ते नीट वाचा. टेनेसीने १९२१ मध्ये काळ्यांसाठी वेगळी पेन्शन काढली, युद्ध संपून ५६ वर्षं झाल्यावर. ती सैनिकांसाठी नव्हती. मालकासोबत छावणीत नेलेल्या, स्वयंपाक करणाऱ्या, घोडे सांभाळणाऱ्या नोकरांसाठी होती. अर्जात आपण कुणाची चाकरी केली ते सांगावं लागे. पोटासाठी एका म्हाताऱ्याने पुन्हा एकदा मालकाचं नाव घेतलं, आणि आज त्याच अर्जाचा पुरावा करून सांगतात की बघा, गुलाम खूश होते. वाडवडिलांनी गावकीचं काम 'निष्ठेने' केलं म्हणून कौतुक करणारे आपण पाहिले आहेत. ती निष्ठा कुणाची गरज होती, हे कौतुक करणारा कधी विचारत नाही.

आता वंशावळीकडे येऊ. डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी ही बायकांची संघटना १८९४ मध्ये नॅशव्हिलमध्येच स्थापन झाली, सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स ही १८९६ मध्ये. दोन्हींत शिरायचं तर आपण कोणाचे वंशज आहोत हे कागदाने सिद्ध करावं लागतं. याच बायकांच्या संघटनेने गावोगावी पुतळे उभे केले आणि शाळेच्या पुस्तकांतून युद्धाचं कारण गुलामगिरी नव्हतं, असं शिकवायला लावलं. आणि वंशावळ केवळ मिरवण्यापुरती राहिली नाही. लुइझियानाने १८९८ मध्ये कायदा केला की १ जानेवारी १८६७ ला ज्याचा बाप किंवा आजोबा मतदार होता, त्याला साक्षरतेची आणि मालमत्तेची अट नाही. अलाबामाच्या १९०१ च्या घटनेने कॉन्फेडरेट सैन्यासह देशाच्या युद्धांत लढलेल्यांना आणि त्यांच्या कायदेशीर वंशजांना काही काळ अशीच सवलत दिली. 'कायदेशीर वंशज' हे शब्द पुन्हा वाचा. ज्यांच्या आईबापांचं लग्नच कायदा मानत नव्हता, ते कुणाचे कायदेशीर वंशज? आजोबा कागदावर असणं म्हणजे मत असणं, आणि नसणं म्हणजे मत नसणं. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजोबांच्या मतावर बेतलेली अशी कलमं घटनाबाह्य ठरवली, पण काळ्यांना मतापासून दूर ठेवणारे बाकीचे मार्ग १९६५ पर्यंत चालू होते.

'हे फार जुनं झालं' असंही म्हणतील. त्या युद्धाची शेवटची सरकारी पेन्शन २०२० मध्ये बंद झाली. एका सैनिकाच्या मुलीला ती मरेपर्यंत महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते. तिचा बाप आधी कॉन्फेडरेट सैन्यात होता, तिथून पळून तो संघराज्याच्या सैन्यात गेला आणि म्हणून ती पेन्शन लागू झाली. पेन्शन द्यायला २०२० पर्यंत इतिहास जुना होत नाही, आणि हिशेब मागितला की तो लगेच जुना होतो.

मग शिपायाच्या वंशजाने काय करावं? शोध सोडून देऊ नये. उलट पुरा करावा. जिथे पेन्शनची फाइल उघडली, तिथेच त्या आडनावाचा गुलामांचा तक्ता उघडावा. घराण्याची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, खरेदीखतं, माळ्यावरच्या बायबलमधल्या नोंदी बाहेर काढाव्यात. त्यात जी जी नावं सापडतील ती सर्वांना दिसतील अशी मांडावीत. कारण दुसऱ्या मुलीच्या पणजीचं नाव बहुधा पहिल्या मुलीच्या घरातल्या कागदावर आहे. ते दाबून ठेवून आपल्या शिपायाचा फोटो भिंतीला लावणं, याला वारसा जपणं म्हणत नाहीत. दुसऱ्याची वस्तू दडवून ठेवणं म्हणतात. काही गोऱ्या वंशजांनी हे काम केलंही आहे. म्हणजे ते करता येतं. जे करत नाहीत, ते न करणं निवडतात.

हे सगळं मराठीत का सांगायचं? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्यांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. तिथल्या मुक्त माणसांची नावं जनगणनेत लिहिली जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो लढा आपल्याला परका नाही. आणि कागदाचा प्रश्न तर अजिबातच परका नाही. महाराष्ट्रात व्हॅलिडिटी काढताना अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांच्या मुलाला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा विचारतात. ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही, त्यांच्या नातवाकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागायचा. ज्यांचं घरच पालात होतं, त्यांच्याकडे गावच्या वास्तव्याचा उतारा मागायचा. आणि कागद नाही म्हटलं की संशय त्याच्यावरच.

तुमच्यापैकी कित्येकजण घरातले पहिले पदवीधर आहात. पहिली गुणपत्रिका, पहिलं पदवी प्रमाणपत्र तुमच्या नावाचं. कुणी सात पिढ्यांची वंशावळ पुढे करून त्यावर गर्व केला, तर दबून जाऊ नका. त्याला विचारा : तुझ्या आजोबांचं नाव ज्यांनी लिहिलं, त्यांनी कोणाचं नाव गाळलं? आणि आपल्या घरातले म्हातारे बोलतायत तोवर त्यांची नावं, त्यांच्या आईंची नावं, कोणत्या गावातून कधी आणि का निघाले, ते वहीत लिहून घ्या. आपल्या घरची पणजी कुणाच्या मालमत्तेच्या यादीत शोधायची वेळ आपल्या नातवंडांवर येता कामा नये.